नाताळला मुलांच्या गिफ्टवर किती खर्च करायचा? आधी जानेवारीचा हिशोब मांडा

आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरात दोन मुलं, मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सहाची. नोव्हेंबर संपत आला की आमच्या आळीत एकच विषय, तुम्ही यंदा मुलांना काय घेताय, आणि त्याच्या पोटात असलेला खरा प्रश्न कोणीच मोठ्याने विचारत नाही, की कितीचं घेताय. मी पण बरीच वर्षं विचारला नाही. दुकानात जायचं, मुलाचं तोंड बघायचं आणि घेऊन टाकायचं, असंच चाललं होतं. मग एका वर्षी मुलाला रिमोटची गाडी घेतली ३,८०० रुपयांची, कार्ड स्वाइप करून, कारण त्याच्या मित्राकडे तशीच होती. जानेवारीच्या मधेच तिचं चार्जिंग बंद पडलं आणि त्याच महिन्यात शाळेच्या फीचा हप्ता उशिरा भरल्यामुळे २०० रुपये दंड बसला. गाडी माळ्यावर गेली पण कार्डाचं बिल राहिलं. तेव्हापासून आम्ही दोघं बसून आकडा आधी ठरवतो, आणि तो कसा ठरवतो तेच इथे सविस्तर लिहितेय, कुणाला उपयोग झाला तर बरं वाटेल.

आधी एक सांगते, माझ्या लहानपणी नाताळला गिफ्ट नावाची गोष्टच नव्हती. बाबांची वाडी होती, सोनचाफा आणि केळी, पहाटेच्या गाडीने फुलं घेऊन दादरला जायचे. नाताळला नवीन फ्रॉक, नवीन बूट, आईच्या हातच्या करंज्या आणि कुलकुल, मध्यरात्रीची मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना, आणि येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बनवायला गवत आणणं, झालं, आणि आम्हाला काही कमी वाटलं नाही कारण कोणाकडेच नव्हतं. आजच्या मुलांना हे सांगून काही होत नाही, त्यांच्या वर्गात सगळ्यांना काही ना काही मिळतं आणि ते त्यांना दिसतं. त्यामुळे "आमच्या वेळी" हे वाक्य मी घरात बंद केलंय. प्रश्न गिफ्ट द्यायचं की नाही हा नाहीच, किती रुपयांचं हा आहे.

आकडा कुठून काढायचा

बहुतेक जण डिसेंबरचा पगार बघतात. मी म्हणते जानेवारी बघा. नाताळचा खर्च डिसेंबरात होतो पण टोचतो जानेवारीत. आपल्याकडे आगमनकाळात, म्हणजे नाताळच्या आधीच्या चार रविवारांच्या काळात, लग्नं शक्यतो लावत नाहीत, त्यामुळे २५ डिसेंबर झाला की पुढे ईस्टरच्या आधीचा उपवासकाळ सुरू होईपर्यंत लग्नांची रांग लागते, आणि प्रत्येक लग्नाला अहेर. शाळेचा हप्ता जानेवारीतच. शिवाय जुन्या टॅक्स पद्धतीतल्या नोकरीवाल्यांना माहितीये, गुंतवणुकीचे पुरावे ऑफिसात वेळेत दिले नाहीत तर जानेवारी ते मार्च पगारातून टॅक्स जास्त कापला जातो.

दुसरी गोष्ट बोनसची. कायद्याप्रमाणे बोनस आर्थिक वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांच्या आत द्यायचा असतो, म्हणजे नोव्हेंबरअखेर, पण बहुतेक कंपन्या दिवाळीच्या आधीच देऊन मोकळ्या होतात. दिवाळी ऑक्टोबरात आली की आपल्या हातात पैसा नाताळच्या दोन महिने आधी येतो. आणि हे दोन महिने फार वाईट, कारण चहूकडे सेल चालू असतात, फ्रीज बदलू या, मोबाईल बदलू या, आणि डिसेंबर उजाडला की बोनस गायब. आमच्याकडे आता नियम असा की बोनस आला त्याच दिवशी तो दुसऱ्या खात्यात टाकायचा, ज्याचं एटीएम कार्ड पाकिटात नसतं.

आता आमचाच हिशोब उदाहरण म्हणून देते, आकडे गोल केलेत. दोघांचे पगार मिळून हातात ६२,००० येतात. घरखर्च आणि ठरलेली बचत ५२,००० ची, म्हणजे महिन्याला साधारण १०,००० मोकळे. जानेवारीत जादा काय येतं, दोन मुलांची फी १४,००० आणि तीन लग्नांचे अहेर मिळून ४,५००, एकूण १८,५००. त्यातले १०,००० जानेवारीच्याच पगारातून निघतील, राहिले ८,५००. ह्याला मी जानेवारीचा खड्डा म्हणते. हा खड्डा आधी बुजवायचा.

बोनस १८,००० आणि डिसेंबरचे मोकळे १०,००० मिळून २८,०००. त्यातून खड्ड्याचे ८,५०० बाजूला, उरले १९,५००. हा आमचा पूर्ण सणाचा पैसा, फक्त गिफ्टचा नाही हे लक्षात घ्या, कारण चूक इथेच होते, लोक गिफ्ट आधी घेतात आणि मग मिस्साच्या दिवशी घालायच्या बुटांसाठी उसने आणतात. चौघांचे कपडे आणि बूट ८,०००. फराळ, केक आणि २५ तारखेचं जेवण ४,५००. दारात लावायचा नाताळचा तारा, लायटिंग, गोठ्याचं सामान १,०००. चर्चमधलं दान आणि मदत १,५००. आजी-आबांना, माझ्या धर्मकन्येला (बाप्तिस्म्याच्या वेळी मी जिची गॉडमदर झाले ती) आणि ऑफिसच्या सीक्रेट सांताला मिळून १,५००. झाले १६,५००. उरले ३,०००, म्हणजे मुलांना प्रत्येकी १,५००.

तुमचा आकडा ५०० येईल किंवा ५,००० येईल. आला तो आला. त्याच्यावर वाद घालायचा असेल तर वरच्या ओळींशी घाला, म्हणजे कपड्यातले हजार कमी करा, केक घरी करा, तारा मागच्या वर्षीचाच लावा. पण जानेवारीच्या ८,५०० ला हात लावायचा नाही. मी एकदा लावलेला आहे म्हणून कळकळीने सांगते.

आणि हप्त्यावर घेऊ नका, प्लीज. "नो कॉस्ट ईएमआय" लिहिलेलं असतं तेव्हा सुद्धा बँक प्रोसेसिंग फी लावू शकते, आणि व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, तो आपल्याच बिलात येतो. खेळणं महिन्याभरात कोपऱ्यात जातं आणि हप्ता ईस्टरपर्यंत चालतो, हे मुलांसाठी केलं असं म्हणायला मन धजत नाही.

मुलांना कधी आणि काय विचारायचं

आकडा ठरल्यावर. आधी विचारलंत तर मुलाच्या तोंडून निघालेली वस्तूच तुमचा आकडा ठरवते. आमच्याकडे आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, पहिली मेणबत्ती पेटवली की रात्री जेवताना विचारतो. तेव्हा हातात तीन-चार आठवडे असतात, घाई नसते. "काय पाहिजे" असं मोकळं विचारत नाही, "तीन गोष्टी सांग, त्यातली एक मिळेल" असं विचारतो. तीन सांगायला लागल्या की मूल स्वतःच विचार करतं, आणि तिसरी गोष्ट बहुतेक वेळा स्वस्त आणि खरी असते. माझ्या मुलीने मागच्या वेळी तिसरी म्हणून काय सांगितलं तर चिकटपट्टी, एक अख्खं रीळ, फक्त तिचं, कोणी मागायचं नाही असं. २० रुपयांची वस्तू. ते रीळ तिने कुठल्याही बाहुलीपेक्षा जास्त वापरलं.

यादी मिळाल्यावर आठवडाभर काहीच घेऊ नका. पुढच्या रविवारी सहज परत विचारा. जे दोन्ही वेळा यादीत आलं ते खरं, जे गळलं ते जाहिरातीतलं होतं.

मोठ्या मुलाला, म्हणजे नऊ-दहाच्या पुढे, मी आकडा सरळ सांगते. काही जणांना हे पटत नाही, मुलांवर पैशाचं ओझं कशाला म्हणतात. माझा अनुभव उलटा आहे. "पैसे नाहीत" हे ऐकून मूल घाबरतं, "तुझ्यासाठी १,५०० आहेत, ह्यात काय बसवू या" हे ऐकून ते कामाला लागतं.

तर गेल्या वर्षी मुलाला सायकल पाहिजे होती, २४ इंची, कारण जुनी २० इंची त्याला लहान झालेली, गुडघे हँडलला लागत होते. नवीन बघितली तर सात हजाराच्या आसपास. आम्ही नाही म्हटलं नाही, १,५०० आहेत म्हटलं. दोन दिवस तो गप्प. मग त्यानेच शोधलं की आळीच्या टोकाला एक दादा बारावीला गेलाय, त्याची सायकल तशीच पडून आहे. २,५०० ला ठरली. नवीन टायर-ट्यूब आणि ब्रेकच्या वायरींना ७०० गेले, एकूण ३,२००. आमचे १,५००, त्याच्या गॉडफादरने, म्हणजे बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याने, दरवर्षी कपडे द्यायचे त्याऐवजी १,००० रोख दिले, आणि ७०० त्याने स्वतःच्या साठवलेल्यातून काढले. नाताळच्या सुट्टीत बापलेकांनी मिळून ती घासली, रंगवली. आज तीन गावं सोडून क्लासला जातो त्याच सायकलवरून.

सायकल घेताना एक बघा, लहान वयात दर तीन-चार वर्षांनी साईझ बदलते, त्यामुळे नवीकोरी घेण्यात फार अर्थ नाही. आणि हेल्मेट आणि कुलूप यांचे पैसे आधीच धरा. हे सगळ्याच वस्तूंना लागू आहे, किमतीच्या चिठ्ठीच्या मागे अजून एक किंमत असते. सेलवर चालणाऱ्या खेळण्याला दर महिन्याला सेल, व्हिडिओ गेमला पुढचे लेव्हल विकत, कॅरमला स्टँड आणि पावडर, बॅटला बॉल, आणि बॉल हरवतातच. वर्षभराचा तो खर्च मिळवून जर १,५०० च्या वर जात असेल तर ती वस्तू १,५०० ची नाहीच.

दोघांना सारखे पैसे की सारखं प्रेम

भावंडं असली की हा पेच येतोच. सहा वर्षांच्या मुलाला किंमत कळत नाही, त्याला पुडकी मोजता येतात. दादाला एक सायकल आणि मला एक पुस्तक, हे माझ्या मुलीला चालतं की नाही? तिला चाललं नसतं. म्हणून तिला तीन पुडकी केली, भातुकलीचा सेट ४५०, रंग २५०, गोष्टीचं पुस्तक १८०, आणि वर ते चिकटपट्टीचं रीळ. बेरीज ९०० आली. तिचे ६०० उरले. ते उरले म्हणून अजून काही आणलं नाही, तिच्या नावाने बाजूला ठेवले, मार्चमध्ये तिला पोहण्याचा क्लास लावताना कामाला आले. ठरवलेला आकडा ही वरची रेषा आहे, तिथपर्यंत पोचलंच पाहिजे असं काही नाही.

मोठ्याला मात्र किंमत कळते, त्याच्याशी हिशोब स्पष्ट ठेवा, यंदा तुझ्यावर थोडे जास्त गेले, पुढच्या वर्षी तिचा नंबर. आणि मग ते पाळा, लिहून ठेवा, मुलं ह्या गोष्टी विसरत नाहीत.

सांताच्या पोत्यात काय घालायचं

ह्याच्यावर थोडं जास्त लिहिते कारण मला हे उशिरा कळलं आणि वाईट वाटून कळलं. आमच्याकडे नाताळच्या आधी चर्चची तरुण मुलं कॅरल गात आळीत फिरतात, त्यांच्यात एक सांता असतो. आईबाप आपापल्या मुलाचं गिफ्ट नाव लिहून आधीच त्यांच्याकडे देऊन ठेवतात, आणि सांता अंगणात सगळ्यांसमोर नाव पुकारून देतो. खूप गोड असतं ते, मुलांचे डोळे बघण्यासारखे असतात. तर आम्ही ती रिमोटची गाडी त्याच पोत्यात दिली होती. माझ्या मुलाच्या शेजारी आमच्या इथे भाड्याने राहणाऱ्या कुटुंबातला मुलगा उभा होता, त्याला कंपासपेटी मिळाली. चांगली होती कंपासपेटी. त्याने गाडीकडे बघितलं, पेटीकडे बघितलं आणि त्याच्या आईला विचारलं, मी ह्याच्यापेक्षा कमी चांगला वागलो का ग? त्या बाईने काय उत्तर द्यायचं? वर्षभर चांगलं वागणाऱ्याला सांता गिफ्ट देतो हे आपणच मुलांना सांगितलेलं असतं, मग महाग गिफ्ट म्हणजे जास्त चांगलं मूल, असाच अर्थ ते लावणार. मला त्या रात्री मिस्सात लक्ष लागलं नाही.

पुढच्या वर्षी आम्ही चार-पाच आयांनी मिळून आळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं, सांताच्या पोत्यातलं गिफ्ट १५० ते २०० रुपयांच्या आतलं ठेवू या, बाकी ज्याला जे द्यायचं ते आपापल्या घरात आईबाबांच्या नावाने द्या. मला वाटलं कोणीतरी चिडेल. उलट दहा मिनिटांत अंगठ्यांची रांग लागली, दोघीतिघींनी खाजगीत मेसेज केला की बरं झालं तू बोललीस. म्हणजे ओझं सगळ्यांनाच होत होतं. तुमच्या सोसायटीत, शाळेत, चर्चच्या पॅरिशमध्ये असं काही असेल तर नोव्हेंबरातच बोला, डिसेंबरात खरेदी झालेली असते आणि मग लोकांना ते टोचतं.

आणि खर्चाच्या दृष्टीनेही हे सोपं पडतं. मोठं गिफ्ट आईबाबांचं आहे हे मुलाला माहीत असलं की त्याला त्याची किंमतही माहीत असते, पैसे कुठून येतात ते माहीत असतं. सांताकडे मात्र पैशाला तोटा नाही अशी समजूत असते, मग पुढच्या वर्षीची मागणी वाढतच जाते.

बाहेरून येणारी गिफ्टं

आपल्या लोकांत एक काका दुबईला, एक मावशी कॅनडाला, कोणीतरी जहाजावर, हे घरोघरी आहे. ते वर्षाने येतात आणि प्रेमाने टॅब्लेट घेऊन येतात. त्याच्या शेजारी आपलं १,५०० चं गिफ्ट ठेवायची लाज वाटून घेऊ नका आणि बरोबरी तर अजिबात करू नका. मी दिराला ऑक्टोबरातच फोन करून सांगते, तू काय आणणार आहेस, मुलांना हे हे लागतंय. त्यांनाही तिकडून काय आणायचं ते कळत नसतं, विचारलं तर बरंच वाटतं. गेल्या वर्षी दोघांना मिळून एक टेलिस्कोप आणला, भांडणंच नाहीत.

पाकिटातले पैसे येतात ते वेगळे. आजीचे, गॉडमदरचे, मिळून दोन-अडीच हजार होतात कधीकधी. त्यातले थोडे मुलाला खर्चायला द्या, बाकी त्याच्या खात्यात. दहा वर्षांच्या पुढच्या मुलाला बचत खातं स्वतः चालवू द्यायची परवानगी रिझर्व्ह बँकेने बँकांना दिलेली आहे, मर्यादा किती ते बँक ठरवते, तुमच्या शाखेत विचारा. मुलगा स्वतः स्लिप भरून पैसे टाकतो तेव्हा त्याचा चेहरा फार वेगळा असतो.

स्वस्तात कुठे मिळतं, आणि कुठे स्वस्त घेऊ नये

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात जवळच्या मॉलमध्ये जाऊ नका. आम्ही त्याआधीच्या एखाद्या शनिवारी सकाळी चर्चगेटला उतरून क्रॉफर्ड मार्केट आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला जातो, खेळणी, स्टेशनरी, पॅकिंगचा कागद, सगळं घाऊक भावाच्या जवळपास. तीन-चार घरांचं एकत्र आणलं तर अजून परवडतं. मुलांना नेत नाही. यादी लिहून नेतो, आणि पैसे रोख, मोजून, कारण रोख संपले की खरेदी संपते.

पण एका बाबतीत पैसे वाचवू नका. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क असणं बंधनकारक आहे, तो बघून घ्या, रस्त्यावर मिळणाऱ्या बऱ्याच खेळण्यांवर तो नसतो. घरात लहान मूल असेल तर बटणासारखे छोटे सेल असलेलं खेळणं घेताना सेलच्या झाकणाला स्क्रू आहे ना हे स्वतः तपासा. तो सेल मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून भाजते, दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते, अशा वेळी थेट हॉस्पिटल गाठायचं. २०० रुपये कमी आहेत म्हणून असलं खेळणं घेण्यापेक्षा चेंडू घ्या.

इंटरनेटवर तो चार गिफ्टचा नियम फिरत असतो ना, एक हवं असलेलं, एक गरजेचं, एक घालायचं, एक वाचायचं. चांगला आहे, पण आपल्याकडे कपडे सणाला घेतोच आणि वह्या-दप्तर जूनमध्ये. मी त्यातलं हवं असलेलं आणि वाचायचं एवढंच ठेवलंय.

पुढच्या वर्षासाठी

आकडा लहान वाटतोय का? मग जानेवारीपासूनच सुरुवात करा. महिन्याला ५०० ची आरडी, म्हणजे दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायचं खातं, काढली तर नोव्हेंबरपर्यंत अकरा हप्त्यांचे ५,५०० आणि वर थोडं व्याज. पोस्टाची आरडी पाच वर्षांची असते, ती ह्या कामाची नाही, बँकेत किंवा पतपेढीत कमी मुदतीची मिळते, आमची गावातल्या बँकेत आहे. ज्यांचा पगार ठरलेला नाही, वाडीवाले, मच्छीवाले, रिक्षावाले, त्यांनी डबाच बरा, चांगला धंदा झाला त्या दिवशी ५० टाकायचे.

आणि एक वही करा. २७-२८ तारखेला पाहुणे गेले की सगळे खर्च लिहून काढा, ठरवलेले किती आणि झालेले किती, मुलांचे, कपड्यांचे, सगळे वेगवेगळे. मग फेब्रुवारीत कधीतरी तीच वही काढून प्रत्येक गिफ्टपुढे लिहा, अजून खेळतात का. आमच्या वहीत सायकलपुढे हो, भातुकलीपुढे हो, रंगांपुढे संपले, चिकटपट्टीपुढे मुलीनेच येऊन तिच्या अक्षरात लिहिलंय, अजून एक पाहिजे.